खाण कंपनीची दिवाळखोरी : रोखेधारक आणि भागधारक

१३ एप्रिल २०१६ रोजी अमेरिकेतील सेंट लुईस येथील दिवाळखोरी न्यायालयात पीबॉडी एनर्जी या कंपनीने संरक्षणासाठी अर्ज दाखल केला. १८८३ साली स्थापन झालेली ही कंपनी जगातील खासगी क्षेत्रातील सर्वांत मोठी कोळसा कंपनी म्हणून ओळखली जात होती. वायोमिंग राज्यातील तिची नॉर्थ अँटेलोप रोशेल ही खाण उत्पादनात जगातील अग्रगण्य खाणींमध्ये गणली जाई. कंपनीच्या ताब्यातील जमिनीखाली अब्जावधी टन कोळसा शिल्लक होता आणि तरीही व्याजाचा एक हप्ता भरणे तिला शक्य झाले नाही. वर्षभरानंतर, ३ एप्रिल २०१७ रोजी कंपनी न्यायालयाच्या संरक्षणातून बाहेर पडली, तेव्हा खाणी त्याच होत्या आणि नावही तेच होते. जुन्या भागधारकांच्या हाती मात्र काहीही उरले नव्हते आणि कालचे रोखेधारक कंपनीचे मालक झाले होते.

हे कोणत्या नियमाने घडते, भारतीय कायद्यात त्याचे स्वरूप काय आहे आणि खाण उद्योगात हा प्रश्न इतर उद्योगांपेक्षा अधिक गुंतागुंतीचा का होतो, याचा विचार अर्थशास्त्राच्या तसेच प्रशासनाच्या अभ्यासकाने करणे अगत्याचे आहे.

करार आणि शेष

कंपनी भांडवल उभारते ते मुख्यतः दोन मार्गांनी. रोखे विकून ती कर्ज घेते आणि भाग विकून मालकीत वाटेकरी करून घेते. रोखेधारकाचा कंपनीशी करार असतो. ठरलेल्या तारखेस ठरलेले व्याज आणि मुदतीअखेर मुद्दल मिळावे, एवढाच त्याचा हक्क असतो. कंपनीला अमाप नफा झाला तरी त्याला एक रुपया जास्त मिळत नाही. भागधारकाला असे कोणतेही आश्वासन नसते. सर्वांची देणी भागल्यानंतर जे शेष राहील ते त्याचे. तेजीत हे शेष फार मोठे असू शकते आणि मंदीत ते शून्यावर येते. मात्र मर्यादित दायित्वाच्या तत्त्वामुळे भागधारकाचे नुकसान त्याने गुंतवलेल्या रकमेपुरतेच राहते. कंपनीच्या कर्जासाठी त्याच्या घरादारावर जप्ती येत नाही.

रोखेधारक हा एकच वर्ग आहे, असे समजणे ही परीक्षार्थींची नेहमीची चूक. तारणी रोख्यांच्या मागे कंपनीची विशिष्ट मालमत्ता बांधलेली असते, तर बिनतारणी रोख्यांच्या मागे केवळ कंपनीची पत असते. तारणातही पहिले तारण आणि दुसरे तारण असा भेद असतो. एकाच मालमत्तेवर दोघांचा हक्क असला तरी पहिल्याचे पूर्ण भागल्याशिवाय दुसऱ्याकडे पैसा वळत नाही. सुबत्तेच्या काळात या भेदाकडे कोणी फारसे लक्ष देत नाही, कारण सर्वांना व्याज वेळेवर मिळत असते. दिवाळखोरीत मात्र सर्व काही त्यावरच ठरते.

पीबॉडीचे प्रकरण

खाण कंपनीला आपल्या मालाची किंमत ठरवता येत नाही. ती जागतिक बाजारात ठरते. २०११ च्या सुमारास पोलाद निर्मितीसाठी लागणाऱ्या कोकिंग कोळशाचा करारदर प्रतिटन ३३० डॉलरवर पोहोचला होता. चीनची मागणी वाढतच राहील, असा तेव्हाचा सार्वत्रिक समज होता. त्याच वर्षी पीबॉडीने ऑस्ट्रेलियातील मॅकार्थर कोल ही कंपनी सुमारे ५ अब्ज डॉलरना विकत घेतली आणि त्यासाठी मोठे कर्ज उभारले. पुढे दर घसरत गेले. २०१६ च्या आरंभी तोच करारदर ८१ डॉलरवर आला होता. अमेरिकेत स्वस्त नैसर्गिक वायूने वीजनिर्मितीतील कोळशाची जागा घेण्यास सुरुवात केली होती, ती वेगळीच. तेजीच्या किमतीला घेतलेली मालमत्ता आणि मंदीच्या उत्पन्नातून भरायचे व्याज, हा मेळ बसणे शक्यच नव्हते. एकटी पीबॉडीच नव्हे, तर अल्फा नॅचरल रिसोर्सेस २०१५ मध्ये आणि आर्च कोल जानेवारी २०१६ मध्ये याच वाटेने गेल्या.

मार्च २०१६ मध्ये सुमारे ७ कोटी १० लाख डॉलर व्याजाचा हप्ता पीबॉडीने रोखून धरला. करारातील तीस दिवसांची सवलतीची मुदत संपत आली, तेव्हा कंपनीने अमेरिकी दिवाळखोरी संहितेच्या अकराव्या प्रकरणाखाली अर्ज केला. या प्रकरणाखाली कंपनी बंद होत नाही. धनकोंची वसुली थांबते, व्यवस्थापन काम चालू ठेवते आणि पुनर्रचनेचा आराखडा धनकोंपुढे मतास ठेवला जातो. समान हक्काच्या धनकोंचा एकेक वर्ग केला जातो. वर्गातील मतदानात रकमेच्या दोन तृतीयांश आणि संख्येच्या निम्म्याहून अधिक धनकोंनी संमती दिली की तो वर्ग मान्य झाला, असे समजतात.

आराखड्यानुसार पहिल्या तारणाच्या कर्जदात्यांची रक्कम पूर्णपणे फेडण्याची तरतूद झाली. दुसऱ्या तारणाच्या आणि बिनतारणी रोखेधारकांना मुख्यत्वे नव्या कंपनीचे भाग आणि आणखी भाग सवलतीच्या दराने खरेदी करण्याचे हक्क मिळाले. कंपनीवरील कर्जाचा बोजा ५ अब्ज डॉलरहून अधिक प्रमाणात कमी झाला. जुने भाग मोबदल्याविना रद्द करण्यात आले.

प्रकरणाचा मधला टप्पा विशेष बोधप्रद आहे. चीनने २०१६ मध्ये आपल्या खाणींच्या कामाचे दिवस कमी केले आणि वर्षअखेरीस कोकिंग कोळशाचे दर कित्येक पटींनी उसळले. मुख्य शेअर बाजारातून बाहेर पडलेल्या पीबॉडीच्या जुन्या भागांचे व्यवहार बाजाराबाहेर चालूच होते. त्यांचाही भाव झपाट्याने चढला. कोळसा वधारला म्हणजे कंपनी वधारली आणि कंपनी वधारली म्हणजे आपला भाग वाचला, असा हिशेब अनेकांनी केला असावा. पहिली दोन विधाने बरोबर होती, तिसरे चुकले. वाढलेले मूल्य प्रथम रोखेधारकांची तूट भरून काढण्यात जाते आणि ती तूट फार मोठी होती. भागाचा भाव चढतो आहे एवढ्यावरून त्याला कायदेशीर किंमत आहे, असे ठरत नाही. रद्द होण्याच्या वाटेवर असलेला कागदही काही काळ बाजारात हातोहात फिरतो.

रोखेधारकांमध्येही सर्व काही गुण्यागोविंदाने झाले नाही. नव्या भांडवलासाठी ७५ कोटी डॉलरचे अधिमान्य भाग खासगीरीत्या विकण्याचे ठरले. त्यांचा दर मोठ्या सवलतीचा होता आणि त्यात मुख्य वाटा वाटाघाटींत आरंभापासून असलेल्या, इलियट मॅनेजमेंटसारख्या मोठ्या गुंतवणूक निधींचा होता. समान वर्गातील इतर काही रोखेधारकांनी ही असमान वागणूक आहे, अशी तक्रार केली. ऑगस्ट २०१९ मध्ये आठव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने ती फेटाळली. सवलत ही जुन्या दाव्यापोटी दिलेली नसून नवी जोखीम पत्करल्याचा मोबदला आहे, असे न्यायालयाचे म्हणणे. कायद्याच्या दृष्टीने हा युक्तिवाद टिकला. पण समान वर्गातही माहिती, वकील आणि ताजा पैसा ज्याच्याकडे आहे तो पुढे राहतो, ही वस्तुस्थिती लहान रोखेधारकाने विसरू नये.

भारतीय कायद्यातील क्रम

भारतात नादारी आणि दिवाळखोरी संहिता २०१६ मध्ये संमत झाली. तत्पूर्वी आजारी उद्योगांचा प्रश्न १९८५ च्या कायद्याखालील औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळाकडे जात असे आणि तेथे वर्षानुवर्षे रेंगाळत असे. नव्या संहितेने रोखे, ऋणपत्रे आणि बँकांची कर्जे यांना ‘वित्तीय कर्ज’ मानले. त्यामुळे रोखेधारक हा वित्तीय धनको ठरतो आणि धनको समितीत त्याला मत असते. हजारो रोखेधारक विखुरलेले असल्याने सहसा ऋणपत्र विश्वस्त त्यांच्या वतीने बाजू मांडतो. समितीच्या ६६ टक्के मतांनी निराकरण आराखडा मंजूर होतो. भागधारकांना या समितीत स्थान नाही. त्यांची वेगळी संमतीही घ्यावी लागत नाही. कायदा ती दिलेलीच आहे असे गृहीत धरतो.

निराकरण साधले नाही, तर कंपनीची मालमत्ता विकून पैसा वाटावा लागतो. त्याचा क्रम संहितेच्या कलम ५३ मध्ये आहे. सर्वप्रथम प्रक्रियेचा खर्च. त्यानंतर कामगारांचे मागील चोवीस महिन्यांचे वेतन आणि तारण सोडून दिलेल्या तारणी धनकोंची देणी एकाच पायरीवर, समप्रमाणात. नंतर इतर कर्मचाऱ्यांचे बारा महिन्यांचे वेतन, मग बिनतारणी वित्तीय धनको. त्याखाली केंद्र व राज्य सरकारांची दोन वर्षांची देणी, उर्वरित देणी, अधिमान्य भागधारक आणि सर्वांत शेवटी सामान्य भागधारक. भविष्यनिर्वाह निधी व उपदान निधीतील कामगारांची रक्कम या वाटपाच्या बाहेर असते. ती कंपनीची मालमत्ता मानलीच जात नाही.

एका काल्पनिक उदाहरणाने हा क्रम स्पष्ट होईल. समजा, एका खाण कंपनीची मालमत्ता ६४० कोटी रुपयांस विकली गेली. प्रक्रियेचा खर्च ४० कोटी, तारणी रोखे ७०० कोटी, कामगारांचे वेतन ५० कोटी, इतर कर्मचाऱ्यांचे वेतन १० कोटी, बिनतारणी रोखे ३०० कोटी, सरकारी देणी ३० कोटी आणि पुरवठादारांची देणी ६० कोटी आहेत. खर्च वजा जाता ६०० कोटी उरतात. कामगार आणि तारणी रोखेधारक यांचे एकत्रित दावे ७५० कोटींचे असल्याने प्रत्येकाला रुपयामागे ८० पैसे मिळतील. म्हणजे कामगारांना ४० कोटी आणि रोखेधारकांना ५६० कोटी. तिजोरी तेथेच रिकामी होते. आता खनिजाचे दर वाढल्याने तीच मालमत्ता १,००० कोटींना विकली गेली, असे मानू. खर्च, कामगार, तारणी रोखेधारक आणि कर्मचारी यांचे पूर्ण भागून २०० कोटी उरतात. बिनतारणी रोखेधारकांना त्यांच्या दाव्याचा दोन तृतीयांश भाग मिळतो. सरकार, पुरवठादार आणि भागधारक यांच्या पदरी अद्याप शून्यच. या कंपनीच्या भागधारकाला पहिला रुपया दिसण्यासाठी विक्रीची रक्कम १,१९० कोटींच्या पुढे जावी लागेल. ६४० वरून १,००० वर, म्हणजे निम्म्याहून अधिक वाढ होऊनही त्याच्या स्थितीत तिळमात्र फरक पडत नाही.

निराकरण आराखड्यातील वाटपाला मात्र हा क्रम जसाच्या तसा लागू होत नाही. एस्सार स्टील प्रकरणी १५ नोव्हेंबर २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने धनको समितीच्या व्यावसायिक निर्णयाला प्राधान्य दिले आणि समानता ही समान स्थितीतील धनकोंमध्ये असते, तारणी व बिनतारणी यांच्यात नव्हे, असे स्पष्ट केले.

तारण आहे, पण कशावर?

येथवर खाण कंपनी आणि कापड गिरणी यांत फरक नाही. फरक सुरू होतो तो विकायचे काय, या प्रश्नापासून. गिरणीची जमीन आणि यंत्रे तिच्या मालकीची असतात. खाण कंपनीच्या ताळेबंदात सर्वांत मौल्यवान असते ते खनिज. आणि जमिनीतील खनिजावर तिची सहसा मालकीच नसते. १९५७ च्या खाणी व खनिजे (विकास व विनियमन) कायद्याखाली राज्य शासन खाणपट्टा देते. ठरावीक मुदतीत, ठरावीक अटींवर आणि स्वामित्वधन भरून खनिज काढण्याचा तो हक्क असतो. खाणपट्टा वजा केला, की उरतात झिजलेले डंपर, खोदयंत्रे आणि एक खड्डा. रांगेतील जागा कायद्याने निश्चित केलेली असली, तरी रांगेच्या टोकाला असलेली तिजोरी दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते, ही खाण कंपनीच्या रोखेधारकाची खरी अडचण होय.

टिफिन्स बॅरायटीज या कंपनीच्या प्रकरणात ती उघड झाली. कर्नाटकातील लोहखनिजाचा खाणपट्टा असलेल्या या कंपनीविरुद्ध मार्च २०१८ मध्ये चेन्नई येथील राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. खाणपट्ट्याची मुदत मे २०१८ मध्ये संपत होती. निराकरण व्यावसायिकाने कायद्यानुसार मुदतवाढ मागितली. अटींचा भंग झाल्याचे कारण देऊन राज्य शासनाने सप्टेंबरमध्ये ती नाकारली. २०१९ मध्ये न्यायाधिकरणाने शासनाचा आदेश रद्द ठरवून मुदतवाढ देण्यास सांगितले, तेव्हा वाद उच्च न्यायालयात व तेथून सर्वोच्च न्यायालयात गेला. ३ डिसेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की खाणपट्ट्याविषयीचा शासनाचा निर्णय हा सार्वजनिक कायद्याच्या क्षेत्रातील आहे. कलम ६०(५) चा आधार घेऊन न्यायाधिकरणाला त्यात हस्तक्षेप करता येणार नाही. दाद उच्च न्यायालयातच मागावी लागेल. घटनात्मकदृष्ट्या हा निकाल योग्यच म्हटला पाहिजे, कारण खनिज ही जनतेची संपत्ती आहे आणि ती धनकोंच्या सोयीसाठी वाटता येत नाही. धनकोंना मात्र कंपनीचे मूल्य आणि कंपनीवरील दावे यांचा निवाडा दोन वेगळ्या दारांत शोधावा लागतो.

त्याच महिन्यात संहितेत महत्त्वाची दुरुस्ती झाली. २८ डिसेंबर २०१९ पासून अमलात आलेल्या या तरतुदीनुसार स्थगितीच्या काळात केवळ दिवाळखोरीच्या कारणावरून शासकीय परवाना, सवलत वा तत्सम हक्क निलंबित किंवा रद्द करता येत नाही. अट एवढीच, की चालू देणी थकता कामा नयेत. येथे एक सूक्ष्म भेद लक्षात ठेवावा. ही तरतूद मुदतीत असलेल्या हक्काला संरक्षण देते. मुदत संपलेल्या खाणपट्ट्याला ती नवे आयुष्य देत नाही. तत्पूर्वी २०१६ मध्ये खाण कायद्यातही बदल झाला होता. लिलावाविना मिळालेले, स्वतःच्या कारखान्यासाठी वापरायचे खाणपट्टे हस्तांतरित करण्यास मुभा देण्यात आली. खाणपट्ट्यासह कंपनी तारण असेल, तर बँकांना थकीत कर्ज वसूल करणे सुलभ व्हावे, हा त्यामागील एक घोषित हेतू होता.

गोव्यात याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण बेकायदेशीर ठरवले आणि १६ मार्चपासून तेथील उत्खनन थांबले. कोणाचे दिवाळे निघाले म्हणून खाणपट्टे गेले, असे येथे झाले नाही. खाणपट्टे आधी गेले आणि त्यांच्या भरवशावर ट्रक, बार्ज व यंत्रांसाठी घेतलेल्या कर्जांचा प्रश्न त्यापाठोपाठ उभा राहिला.

खड्ड्याचे देणे

खाण बंद पडली तरी खर्च थांबत नाही. पाण्याचा उपसा थांबवला तर खड्डा भरतो आणि भूमिगत खाणीत वायुवीजन बंद ठेवता येत नाही. कार्यवाहीच्या काळात खाण सुरक्षित ठेवण्याचा हा खर्च प्रक्रियेच्या खर्चात गणला जातो, म्हणजेच तारणी रोखेधारकांच्याही आधी भागवला जातो. प्रक्रिया जितकी लांबेल, तितकी रोखेधारकाच्या वाट्याची रक्कम पाण्याबरोबर उपसली जाते.

त्याहून मोठे देणे असते जमीन पूर्ववत करण्याचे. अमेरिकेत १९७७ च्या कायद्याने पृष्ठभागावरील कोळसा खाणींना पुनर्भरणाची हमी द्यावी लागते. परंतु मोठ्या कंपन्यांना दुसऱ्याच्या हमीऐवजी स्वतःच्या पतीवर ‘स्वहमी’ देण्याची मुभा होती. पत संपली, की अशी हमी कागदावरच राहते. वायोमिंगमध्ये पीबॉडीची स्वहमी सुमारे ७२ कोटी ८० लाख डॉलरची होती. कार्यवाहीच्या काळात राज्याला त्यांपैकी १२ कोटी ६० लाख डॉलरपुरताच अग्रक्रमाचा दावा मिळाला. जमीन वायोमिंगची, खड्डा वायोमिंगमध्ये. पण उर्वरित रकमेसाठी राज्याला कंपनीच्या पुनरुज्जीवनावर भरवसा ठेवावा लागला. कंपनी संरक्षणातून बाहेर पडताना स्वहमीच्या जागी विमा कंपन्यांच्या हमी आल्या, म्हणून हा भरवसा निष्फळ ठरला नाही.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१९ रोजी रेडवॉटर या तेल कंपनीच्या प्रकरणात अधिक कडक भूमिका घेतली. जुन्या तेलविहिरी बंद करण्याचे दायित्व टाकून देऊन केवळ फायद्याची मालमत्ता विकता येणार नाही. आधी विहिरी बुजवाव्यात आणि मग धनकोंचा विचार करावा, असे बहुमताने ठरले. प्रकरण तेलाचे असले तरी तत्त्व खाणींना तंतोतंत लागू पडते. भारतात खनिज संवर्धन व विकास नियमांखाली खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी वित्तीय हमी द्यावी लागते. कोळसा खाणींसाठी २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी स्वतंत्र विवक्षित खात्यात दरवर्षी रक्कम भरण्याची पद्धत सुरू केली. हे खाते कोळसा नियंत्रकाच्या संमतीशिवाय हलवता येत नाही. कंपनी चालू असतानाच बाजूला ठेवलेला हा पैसा रोखेधारकांच्या रांगेत येत नाही आणि भागधारकांच्याही. खाणीशेजारच्या गावाला मात्र दिवाळखोरीच्या दिवशी तो तेथे असणे फार मोलाचे असते, कारण कलम ५३ च्या क्रमात त्या गावाचे नाव कोठेही नाही.